चार लिप्यांतली पाटी

ज्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी मी हे लिहायला बसले, तो प्रश्न आधी नीट मांडते. एखाद्या रुग्णालयात प्रत्येकाने आपापले काम नेमून दिल्याप्रमाणे केले, कोणी आळस केला नाही, कोणी खोटे बोलले नाही, आणि तरीही एका तरुण बाईचा हात कायमचा अधू झाला, तर त्याची लाज कोणाला वाटली पाहिजे? दोष कोणाचा, असे मी विचारत नाही. तो प्रश्न आमचे वैद्यकीय अधीक्षक आम्हाला कधीच विचारू देत नसत. लाजेचा प्रश्न मात्र त्यांनीच आमच्यापुढे ठेवला आणि शेवटी तो त्यांच्यापाशीच परत आला. म्हणून उत्तराकडे जाण्यापूर्वी त्यांच्याविषयी सांगणे भाग आहे.

सत्तरच्या दशकातली, मोठा दुष्काळ नुकताच सरल्यानंतरची ती वर्षे. सोलापुरातल्या एका धर्मादाय रुग्णालयात मी परिचारिकांच्या वर्गाची शिक्षिका होते. त्याआधी मी शाळेत शास्त्र शिकवत असे आणि शाळेची सवय माझ्या हातात तशीच राहिली होती. फळ्याच्या डाव्या बाजूला कारण, उजव्या बाजूला परिणाम, आणि दोन्हींच्या मध्ये पट्टी धरून काढलेला सरळ बाण. एकदा तास चालू असताना अधीक्षक न सांगता आले आणि मागच्या बाकावर मुलींमध्ये बसले. तास संपल्यावर ते फळ्यापाशी आले, बोटाने माझ्या बाणाचे टोक पुसले, खडू घेतला आणि बाण वाकवत वाकवत पुन्हा कारणापाशी आणून सोडला.

"बाई, सरळ बाण शिकारीत चालतो," ते म्हणाले. "दवाखान्यात तो फिरून येतो. कोणाच्या पाठीत येतो, तेवढं बघायचं."

मुली हसल्या. माझे कान तापले. त्या दिवसापासून मी पट्टी घरी ठेवू लागले.

ते उंच होते आणि उंच माणसे दारातून जाताना वाकतात तसे मोकळ्या जागेतही थोडे वाकून चालत. अक्कलकोटकडच्या किराणा व्यापाऱ्याच्या घरात वाढलेले. घरी कन्नड, दवाखान्यात मराठी, आणि रागावले की दोन्हींतले काहीच नाही, नुसते गप्प. एका विणकर रुग्णाने दिलेली सुताची कांडी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात कायम असे. समजावून सांगताना ते तिचा धागा उलगडत. नव्या मुलींना गोल उभे करून धागा हातोहात फिरवत आणि मग एकीला हळूच ओढायला सांगत. "कोणाकोणाला कळलं?" असे विचारत. सगळ्याच हात वर करत. "आता कळलं. नोकरी लागल्यावर कळायचं बंद होतं. माग बरा. धागा तुटला की विणकर माग थांबवतो. आपल्याकडं धागा तुटला तरी खटखट चालूच."

त्यांचे कार्यालय म्हणजे एक खुर्ची, एक टेबल आणि एक माठ. हे तिन्ही त्यांनी आपल्या प्रशस्त खोलीतून काढून बाह्यरुग्ण विभाग आणि औषधांची खिडकी यांच्या मधल्या बोळात मांडले होते. खात्याला प्रमुख असतो, पण दोन खात्यांच्या मधल्या जागेला प्रमुख नसतो, आणि रुग्ण हरवतो तो तिथेच, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणणे बरोबर होते. पण संस्थेचे देणगीदार पाहायला आले तेव्हा त्यांनी त्या पाहुण्यांना बोळातल्या रिकाम्या स्ट्रेचरवर ओळीने बसवून चहा दिला. पाहुण्यांचे पाय लोंबकळत होते. मी बशा धरून उभी होते आणि कोणाच्याही तोंडाकडे पाहू शकत नव्हते.

त्यांचा सर्वांत प्रसिद्ध नियम 'कोणी' या शब्दाचा होता. काही बिघडले की "हे कोणी केलं?" असे विचारायला बंदी होती. "याआधी काय झालं?" आणि "यानंतर काय होतं?" एवढे दोनच प्रश्न चालत. ज्याच्या तोंडून 'कोणी' निसटेल, त्याने बोळातल्या माठातले पेलाभर पाणी उभ्याने पिऊन मगच पुढे बोलायचे. तेवढ्या वेळात राग उतरतो, हा त्यामागचा हिशेब. सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र ही शिक्षा फार लोकप्रिय झाली. आमचे वयस्कर कंपाउंडर भर दुपारी घाम पुसत येत आणि गंभीर चेहऱ्याने विचारत, "साहेब, ह्यो पंखा कोणी बंद केला?"

"वीज गेली आहे. पाणी प्या."

"पितो की. लई दिवसांनी चुकलो बगा."

"सकाळीच चुकला होतात."

"सकाळी येगळं, साहेब. सकाळी चौकशी हुती, आता तहान हाय."

हा नियम नुसती लहर नव्हता, हे मला पट्ट्यांच्या प्रकरणात कळले. जखमेला बांधायच्या कापडी पट्ट्यांची टंचाई होती. भांडार सांभाळणारे गृहस्थ वॉर्डांना मागितल्याच्या निम्म्या पट्ट्या देत. निम्म्याच मिळतात म्हणून सिस्टर दुप्पट मागत आणि मिळालेल्यांतल्या काही लपवून ठेवत. लपवल्यामुळे भांडार आणखी रिकामे होई, म्हणून ते गृहस्थ आणखी हात आखडता घेत. दोघेही आपापल्या रुग्णांच्या भल्यासाठी झटत होते आणि दोघे मिळून टंचाई तयार करत होते. विश्वस्तांना चोर हवा होता. अधीक्षकांनी सुतार बोलावला आणि भांडाराचे दार बिजागऱ्यांसकट काढून टाकले. ज्याला जेवढे लागेल तेवढे न्यावे. पहिले काही दिवस लोकांनी काखा भरभरून नेले. मग हळूहळू लपवलेला माल बाहेर येऊ लागला: ऑक्सिजनच्या रिकाम्या नळकांड्यामागून, देवाच्या फळीवरून, एका सिस्टरच्या कुंकवाच्या मोठ्या डब्यातून. त्या डब्यातल्या पट्ट्या गुलाबी झाल्या होत्या. टंचाई संपली. भांडारवाले गृहस्थ मात्र बरेच दिवस अधीक्षकांशी बोलत नव्हते. दारच नाही तर मी राखू काय, असे त्यांचे दुखणे होते.

आता शनिवारच्या बैठकीविषयी. गिरणीचा दुपारचा भोंगा झाला की माझ्या वर्गात सगळे जमत: डॉक्टर, सिस्टर, आया, कंपाउंडर, स्वयंपाकी. चहा होई. मग प्रत्येकाने त्या आठवड्यात आपल्याला ज्याची लाज वाटली अशी एक गोष्ट सांगायची. अधीक्षक म्हणत की लाज ही दुखण्यासारखी असते; दुखते कुठे हे रुग्णाने सांगितले नाही, तर डॉक्टरने बोट ठेवायचे कुठे? बैठकीचे नियम दोन. पहिला: सांगितलेल्या गोष्टीबद्दल कोणालाही शिक्षा नाही. दुसरा: लाज आपापलीच सांगायची, दुसऱ्याची नाही. या दुसऱ्या नियमाचे मी तेव्हा मनापासून कौतुक केले होते. चहाड्या थांबल्या. एकमेकांकडे बोटे दाखवणे थांबले. अधीक्षक नेहमी स्वतःपासून सुरुवात करत: "मंगळवारी एका म्हाताऱ्याला मी तिसऱ्यांदा नाव विचारलं. त्यानं तिसऱ्यांदा तितक्याच नम्रपणे सांगितलं."

काही महिन्यांत आम्ही सरावलो, हेही सांगितले पाहिजे. आठवड्याच्या शेवटी प्रत्येकजण एखादी बेताची, धुतलेली, इस्त्री केलेली लाज घेऊन येऊ लागला. ती सांगितली की चहा गोड लागे.

आणि आता पाटी. पूर्वी सकाळच्या राउंडला वॉर्डात बाजार भरल्यासारखा असे. एकेका खाटेभोवती सात-आठ नातेवाईक, आणि रुग्णाला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर आदल्या दिवशीच गावाहून आलेला मामा देई. त्यातच आयांचे झाडणे, धूळ, भांड्यांचा आवाज. अधीक्षकांनी ठरवले की राउंडला आत फक्त डॉक्टर, सिस्टर आणि रुग्ण असावेत. घंटा वाजली की नातेवाइकांनी आणि आयांनी व्हरांड्यात जायचे. त्यासाठी त्यांनी गावातल्या रंगाऱ्याकडून वॉर्डाच्या दारावर पाटी करवून घेतली: राउंड चालू असताना बाहेर थांबावे. मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू, अशा चार लिप्यांत. रंगाऱ्याने मराठी अक्षरे जरा मोठी काढली होती, तर अधीक्षकांनी ती पुसून सगळी एकाच उंचीची करवून घेतली. कोणत्याही भाषेला कमीपणा नको, असे ते म्हणाले. ती पाटी आमच्या दवाखान्याचा अभिमान होती. राउंडला अशी शांतता पसरे की खाटेवरच्या रुग्णाचा श्वास ऐकू यावा. मराठी रुग्णाशी ते मराठीत बोलत, दक्षिणेकडच्या खेड्यांतून आलेल्याशी कन्नडमध्ये, आणि उर्दूही त्यांना कामापुरते येई. त्यामुळे भाषेची अडचण त्यांना कधी जाणवलीच नाही. तेलुगू मात्र त्यांना येत नव्हते.

पद्मा ही भवानी पेठेतल्या एका विणकर कुटुंबाची सून. माहेर आंध्रातले, लग्न होऊन वर्षही झाले नव्हते. ती घरी रहाटावर कांड्या भरत असे. उजव्या हाताने रहाट फिरवायचा आणि डाव्या हाताच्या बोटांतून धागा सरकू द्यायचा; धागा कुठे जाड आहे, कुठे तुटायला आला आहे, हे डोळ्यांआधी ती बोटे ओळखतात. पाण्याची घागर घेऊन हौदाच्या ओल्या पायरीवरून ती घसरली आणि डाव्या कोपराजवळचे हाड मोडले. हाडांचे डॉक्टर आमच्याकडे ठरलेल्या दिवशी बाहेरून येत. त्यांनी संध्याकाळी प्लास्टर घातले आणि ते गेले.

इथे एक गोष्ट मी माझ्या विद्यार्थिनींना सांगत असे तशी सांगते. मोडलेला हात सुजतो. प्लास्टर मात्र वाढत नाही. सूज वाढली की आतल्या आत हात आवळला जातो, बोटांना मुंग्या येतात, ती गार आणि निळसर पडतात. वेळीच प्लास्टर चिरले तर हात वाचतो. उशीर झाला तर आतले स्नायू मरतात आणि बोटे आखडून बसतात. म्हणून अशा रुग्णाची बोटे पुनःपुन्हा पाहायची असतात.

पहाटे पद्माने वॉर्डातल्या आयांपैकी एका मावशींना सांगितले की बोटांत मुंग्या येत आहेत. मावशी स्वतः तेलुगू बोलणाऱ्या. त्यांनी सिस्टरना सांगितले, "हात दुखतोय म्हनती." हाड मोडले म्हणजे दुखणारच, सिस्टरनी वेदनेची गोळी दिली. मग घंटा झाली. मावशी बाहेर गेल्या, पद्माची सासू बाहेर गेली. सिस्टरनी नेहमीप्रमाणे सगळ्या खाटांवरच्या चादरी सरळ करून रुग्णांच्या छातीपर्यंत ओढल्या. अधीक्षक आले. पद्माच्या खाटेपाशी थांबले.

"कसं काय?"

"बरं हाय," पद्मा म्हणाली.

ते पुढच्या खाटेकडे गेले. राउंड लांबला, त्यानंतर सफाई झाली, आणि नातेवाइकांना आत सोडले तेव्हा दुपार झाली होती. सासूने भाकरीचे फडके खाली ठेवले, चादर उचलली आणि ती ओरडली. अधीक्षक बोळातून धावत आले. त्यांनी स्वतः प्लास्टर चिरले. अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट पुढे सुधारत गेले. उरलेली तीन वाकलेलीच राहिली.

विश्वस्तांनी नाव मागितले. सिस्टरला किंवा मावशींना काढले असते तर प्रकरण मिटले असते, आणि दोघींच्याही घरात मिळवते हात ते एवढेच होते. अधीक्षकांनी नाव द्यायला नकार दिला. शनिवारची बैठक होऊ द्या, एवढेच ते म्हणाले.

त्या शनिवारी चहा कोणी घेतला नाही. अधीक्षक फळ्यापाशी उभे राहिले.

"मी 'कसं काय' विचारलं, 'बरं हाय' ऐकलं आणि पुढं गेलो. चादर उचलली नाही. त्याची मला लाज वाटते."

सिस्टर उठल्या. "चादर मीच ओढली, सर. आणि दुखतंय म्हटल्यावर गोळी दिली. बोटं बघितली नाहीत."

"मुंग्या म्हनत हुती ती," मावशी बसल्या जागेवरून म्हणाल्या. त्यांचा पदर तोंडाशी होता. "मी नुसतं दुखतंय म्हनून सांगितलं."

अधीक्षकांनी प्रत्येक गोष्ट फळ्यावर गोलाकार मांडली. मुंग्या, दुखणे, गोळी, चादर, 'बरं हाय'. नावे त्यांनी कधीच लिहिली नव्हती, आजही लिहिली नाहीत. वर्तुळ जवळजवळ पूर्ण झाले. मात्र एका ठिकाणी वीतभर जागा मोकळी राहिली.

"इथं काय आहे?" त्यांनी खडू त्या जागेवर टेकवला. "पहाटे मावशींना कळलं, ते सकाळी मला का कळलं नाही? आमच्या दोघांच्या मध्ये काय उभं आहे?"

वर्गाच्या उघड्या दारातून समोरचा वॉर्ड दिसत होता आणि वॉर्डाच्या दारावरची पाटी दिसत होती. आम्हा सगळ्यांना ती दिसत होती. पण पाटी अधीक्षकांची होती, आणि लाज आपापलीच सांगायची असा नियम होता. सगळे जमिनीकडे पाहत राहिले. सगळ्यांत मीही आले.

पद्माची सासू तेवढ्यात व्हरांड्यात आली होती. सुनेला घरी कधी सोडणार, हे तिला विचारायचे होते. अधीक्षकांनी तिला पाहिले.

"अम्मा, आत या. एक विचारायचं आहे. तुमच्या सुनेनं मला 'बरं हाय' असं का सांगितलं?"

ती दारातच थांबली. एवढी माणसे पाहून तिने पदर सावरला.

"मीच शिकवलं तिला. मोटा डाक्टर आला की बरं हाय म्हन, म्हनलं. त्येवडंच मराठी येतं तिला. माजं चुकलं की. पर मी दाराशीच हुते, साहेब. आत असते तर बोटं बगितली नसती व्हय मी? तुमची घंटा झाली, तुमचा बोर्ड हाय, म्हून भायेर गेले."

"बोर्ड तुम्हाला वाचता येतो?"

"येतो की. आमच्या तेलुगूत लिवलाय. चांगला लिवलाय, अक्षर मोटं हाय." मग तिने जे म्हटले त्यात टोमणा नव्हता, ती नुसती पाहिलेले सांगत होती. "त्येवडंच एक तेलुगू हाय बगा तुमच्या दवाखान्यात."

अधीक्षकांनी खडू खाली ठेवला. ते वर्गाबाहेर गेले. बोळातल्या माठावरचे झाकण वाजले. ते भरलेला पेला घेऊन परत आले, आमच्यासमोर उभे राहिले आणि सगळे पाणी, न थांबता, प्याले. आम्हाला कळेना. रिकामा पेला टेबलावर ठेवून त्यांनी विचारले,

"तो बोर्ड कोणी लावला?"

कंपाउंडरांनी रिकाम्या पेल्याकडे पाहिले.

"पाणी पिऊन विचारतोय. कोणी लावला?"

"तुमी, साहेब," कंपाउंडर म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी पूर्वी ऐकला नव्हता.

अधीक्षकांनी मान हलवली. फळ्यावरच्या मोकळ्या जागेत त्यांनी स्वतःचे नाव लिहिले. पदाचे नव्हे, केसपेपरवर रुग्णाचे लिहितात तसे वडिलांच्या नावासकट पूर्ण. त्या फळ्यावर त्या बैठकांमध्ये लिहिले गेलेले ते एकमेव नाव. विश्वस्तांनाही त्यांनी तेच कळवले. विश्वस्त चिडले, पण अधीक्षकाला काढून दुसरा आणणे त्यांना सोयीचे नव्हते, म्हणून सगळेच राहिले. सिस्टर राहिल्या, मावशी राहिल्या, तेही राहिले.

आपलाच नियम त्यांनी मोडला असे मला त्या दिवशी वाटले. त्यावर मी पुष्कळ विचार केला आहे. इतरांना 'कोणी' विचारायला ते बंदी करत, कारण त्या प्रश्नाने शोध थांबतो. नाव सापडले की माणसे घरी जातात. पण आमचा शोध त्या दिवशी नेमका नाव न घेतल्यामुळे थांबला होता. चहाड्या अडवण्यासाठी घातलेल्या नियमाने खरी बातमीही अडवली होती, आणि ती सुद्धा जिथे पोचायला हवी होती त्याच एका माणसापासून. खात्याखात्यांच्या मधल्या जागेत खुर्ची टाकून बसणारा हा माणूस, स्वतः आणि आम्ही यांच्या मधल्या जागेत कधी बसला नव्हता.

पाटी त्यांनी स्वतः उतरवली आणि बोळात, आपल्या खुर्चीच्या समोरच्या भिंतीवर टांगली. रोज तिच्याकडे तोंड करून ते काम करत. राउंडला प्रत्येक खाटेपाशी घरचे एक माणूस आणि आयांपैकी एक थांबू लागली. राउंड लांबला, गोंगाट वाढला, पुन्हा मामा बोलू लागले. बाहेरून येणारे डॉक्टर कुरकुरले. सुताची कांडी कित्येक दिवस अधीक्षकांच्या खिशात दिसली नाही. मुलींच्या वर्गातही ते आले नाहीत.

बैठकीचा दुसरा नियम त्यांनी बदलला: दुसऱ्याची लाज सांगायची नाही, पण माझी सांगायची. पुढचे कितीतरी शनिवार ते हे वाक्य म्हणत आणि वाट पाहत. आम्ही चहाच्या कपात पाहत असू. हे मौन मला आजही ऐकू येते. एखाद्या माणसाने आपणहून पाठ उघडी करावी आणि समोरच्यांना आदराने डोळे मिटून घ्यावेसे वाटावे, असे ते होते. शेवटी मावशींनीच तोंड उघडले.

"साहेब, सांगू का? तुमी लई भरभर चालता. आमी मागनं पळतो. पळता पळता काय सांगायचं राहून जातंय."

एकदोघे हसले. अधीक्षक हसले नाहीत. त्या दिवसापासून ते हळू चालू लागले. इतके हळू की नवीन माणसांना त्यांचे पाय दुखतात की काय असे वाटे.

पद्मा घरी गेल्यावर तिच्या बोटांचा व्यायाम घेण्यासाठी ते दर रविवारी भवानी पेठेत जात. पहिल्या रविवारी त्यांनी मला बरोबर घेतले, कारण व्यायाम घरच्यांना समजावून सांगायला शिक्षिका हवी, असे ते म्हणाले. गल्लीत दोन्ही बाजूंनी मागांची खटखट चालू होती. घराचे दार उघडेच होते, तरी ते उंबऱ्यापासून दोन हात अलीकडे थांबले.

"चला ना आत, सर," मी म्हणाले.

"बोलावू देत."

आम्ही उन्हात उभे राहिलो. शेजारच्या बाया पाहू लागल्या. माझ्या मनात स्ट्रेचरवरचे पाहुणे आले. पण या वेळी मला अधीक्षकांपासून दूर उभे राहावेसे वाटले नाही. थोड्या वेळाने सासू हात पुसत दाराशी आली. तिने आधी आमच्याकडे पाहिले, मग दाराच्या चौकटीकडे वर पाहिले.

"आत या की, साहेब. हितं बोर्ड न्हाय."

दार ठेंगणे होते. ते खूप वाकून आत गेले आणि सरळ जमिनीवर, पद्माच्या समोर बसले. खिशातून कांडी काढली. कितीतरी दिवसांनी मी ती पाहत होते. धाग्याचे टोक त्यांनी तिच्या वाकलेल्या बोटांमधून हळूच ओढले आणि मावशींकडून घोकून आणलेला तेलुगू शब्द विचारला, "तेलुस्तोंदा?" कळतंय का?

पद्माने खाली पाहिले. "बरं हाय," ती म्हणाली.

ते हलले नाहीत. धागा तसाच धरून बसले. सासू काही बोलायला निघाली, तर त्यांनी दुसऱ्या हाताने तिला थांबवले. बाहेर माग चालू होते. बऱ्याच वेळाने त्यांनी तोच शब्द पुन्हा, तसाच वेडावाकडा, विचारला. पद्माने या वेळी त्यांच्याकडे पाहिले.

"लेदु," ती म्हणाली. नाही.

"आता सुरुवात करू," ते म्हणाले.

सुरुवातीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. दोष वाटून घेता येतो आणि वाटत गेला की तो इतका बारीक होतो की कोणाच्याच हाताला लागत नाही. लाज तशी वाटून घेता येत नाही. ज्याने ती पाटी लावली त्याला ती वाटली पाहिजे, आणि जे रोज तिच्याखालून गेले, ज्यांनी ती वाचली, तिच्या सुबक अक्षरांचे कौतुक केले, त्या प्रत्येकालाही ती लाज पूर्ण वाटली पाहिजे. मलाही. आपली पूर्ण लाज उचलणारा मी एकच माणूस पाहिला, आणि तो आम्हा सगळ्यांना विक्षिप्त वाटत असे.

हे माझ्या शब्दावर मान्य करू नये, अशी विनंती आहे. आपल्या जवळच्या कोणत्याही दवाखान्यात जावे आणि भिंतीवरच्या पाट्या वाचाव्यात. माणसाला थांबवणाऱ्या किती आहेत आणि त्याला काही विचारणाऱ्या किती आहेत, हे पाहावे. कोणत्या कोणत्या भाषेत आहेत, तेही पाहावे. मग दाराबाहेर जे उभे असतील त्यांच्यापैकी एकाला विचारावे, की आत आपले कोण आहे आणि त्याला खरोखर कसे आहे. जे उत्तर मिळेल, ते आतल्यांना माहीत आहे का, हे आपण स्वतः तपासून पाहावे.